कुलपातली मुशी

उद्धवराव शेळके यांनी चौतीस वर्षं एका कंपनीच्या गेटवर माणसं तपासली होती. डब्याचा तळचा कप्पा, सायकलची नळी, बुटाचा सोल, कुठे काय दडवलं जातं हे त्यांना पाठ होतं. शिफ्ट सुटली की ते गेटच्या कडेला उभे राहत आणि नुसतं चालणं बघत. खिशात मशीनचा पितळी बुश चोरून निघालेला माणूस जरा जास्तच मोकळा चालतो, असं त्यांचं म्हणणं होतं. रिटायर झाल्यावर पिंपरीतल्या संत तुकाराम नगरच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमेना. दूधवाला, केबलवाला, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, सगळ्यांवर त्यांची नजर. शेवटी बायको, शालनबाई, वैतागून म्हणाल्या, "कुठंतरी कामाला लागा बरं. न्हाईतर सोसायटीवाले आपल्यालाच हितनं काढतील."

म्हणून ते अण्णासाहेबांच्या हॉटेलात सिक्युरिटी बघायला लागले.

अण्णासाहेब मूळचे चाकणकडचे शेतकरी. जमीन कारखान्यांत गेल्यावर त्यांनी राजगुरुनगर रस्त्याला हॉटेल टाकलं. पुढे एकदा दुबईला जाऊन आले आणि फॅमिली हॉलची एक अख्खी भिंत पाडून तिथे काचेची टाकी बसवली. गोड्या पाण्यात पोत्यानं मीठ कालवून समुद्र तयार केला. त्यात रंगीत मासे सोडले, एक चपट्या अंगाचं, चाबकासारख्या शेपटीचं पाकट सोडलं आणि एक शार्क. ती शार्क वाढून आता तीन फुटांची झाली होती आणि दिवसभर तळाशी वाळूवर निवांत पडून असायची. बाहेर पाटी होती, 'टायगर शार्क. काचेला हात लावू नये.'

टाकीचं सगळं काम दिव्या बघायची. ती हर्णैची. वडील ट्रॉलरवर, ही प्राणिशास्त्रात एम.एस्सी. दिघीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि बसनं चाकणला यायची. आल्या आल्या पहिल्याच दिवशी तिनं पाटीवरून वाद घातला होता.

"अण्णासाहेब, ही टायगर नाही. बांबू शार्क आहे. आमच्याकडे मुशी म्हणतात ना, त्यातलीच एक. खेकडे-कोळंबी खाते बिचारी."

"बांबू लिवलं तर बगायला कोण येईल?" अण्णासाहेब म्हणाले होते. पाटी तशीच राहिली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी अण्णासाहेबांनी उद्धवरावांना टाकीमागच्या पंपखोलीत बोलावून घेतलं. तिथे एका छोट्या काचपेटीत जाळीची टोपली लटकत होती. टोपलीत वीतभर लांबीचा, अंगावर काळे पट्टे असलेला एक जीव शेपटी हलवत होता.

"ह्ये काय हाय?"

"मासा दिसतोय, मालक."

"शार्कचं पिल्लू हाय. आता मला सांगा, आपल्याकडं शार्क किती?"

"एक."

"ती बी मादी. ह्या पिल्लाएवढी असताना आणली, चार वर्सं झाली. जोडीला कुनी न्हाई. मंग ह्ये कुठनं आलं?"

उद्धवरावांनी वाकून टोपलीत पाहिलं. अण्णासाहेबांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. पुण्याचा एक शोभेचे मासे विकणारा परवा जेवायला आला होता, त्यानं सांगितलं होतं की असली पिल्लं शौकीन लोक हातोहात नेतात. "माज्या पान्यावर, माज्या लाइटीवर कुनीतरी धंदा मांडलाय. बाहेरनं आनायचं, हितं वाढवायचं, गुपचूप इकायचं. नुसता संशय नको. पुरावा द्या."

किती तरी दिवसांनी उद्धवरावांना अंगात तरतरी आल्यासारखं वाटलं.

चार दिवस त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पंपखोलीच्या कॅमेऱ्याचं चित्रण काढून ते एकटेच बघत बसले. नोव्हेंबरातल्या एका दुपारच्या चित्रणात दिव्या आणि नवनाथ कॅमेऱ्याकडे पाठ करून काचपेटीशी उभे दिसले. नवनाथ म्हणजे पंप आणि वायरिंगचं काम बघणारा, राजगुरुनगरच्या पलीकडचा. दिव्यानं पाण्यातून काळपट, चपटी, चामड्याच्या पाकिटासारखी एक वस्तू काढली. मोबाइलचा टॉर्च लागला आणि तिनं ती उजेडासमोर धरली. दोघांनी डोकी जवळ आणून पाहिलं. मग ती तोंडावर हात ठेवून हसली आणि वस्तू पुन्हा पाण्यात गेली.

गुरुवारी, हॉल गच्च भरलेला असताना, तिनं कुणाला न विचारता एक पंप बंद केला. उद्धवरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मुशी त्या कोपऱ्यात जाईना, काका. पाण्यात करंट उतरत असणार."

"मासा येऊन सांगतो का तुला?"

"सांगते की. तिच्या नाकाडावर बारीक बारीक भोकं आहेत, त्यांतून तिला वीज कळते. आपल्याला झटका बसायच्या कितीतरी आधी."

उद्धवरावांनी डायरीत लिहिलं, 'विचारताक्षणी उत्तर. तयारी करून ठेवलेली दिसते.' मग नवनाथला वेगळं गाठून तेच विचारलं. तो म्हणाला, पंपाची वायर खरंच सोललेली निघाली, बदलली. डायरीत त्याखाली ओळ पडली, 'दोघांचं सांगणं तंतोतंत एक. आधी ठरवलेलं.'

शनिवारी दिव्याची सुट्टी होती. उद्धवरावांनी मास्टर किल्लीनं तिचं लॉकर उघडलं. आत तसलंच एक पाकीट वाळून कडक झालेलं होतं, कोपऱ्यांना केसांसारखे तंतू. शेजारी एक वही. वहीत तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे 'दोन'. त्यापुढे 'रिकामी, टाकली'. पुन्हा 'रिकामी, टाकली'. नोव्हेंबरच्या पानावर मात्र अक्षर थरथरलेलं होतं, 'एकात हालचाल!! नवनाथला दाखवलं. इतक्यात कुणाला सांगायचं नाही.'

त्या शेवटच्या वाक्यावर उद्धवरावांनी बोट ठेवलं. बास झालं.

सोमवारी अण्णासाहेबांच्या केबिनमध्ये दोघांना उभं केलं. वही आणि वाळलेलं पाकीट टेबलावर. दिव्या ते बघून आधी चकित झाली, मग तिचा चेहरा उतरला.

"माझं लॉकर उघडलंत?"

"ह्ये काय हाय ते सांग आदी," अण्णासाहेब म्हणाले.

"मुशीचं अंडं. बऱ्याच मुश्या पिल्लं देतात, पण ही अंडी घालते. एका वेळी दोन. नर नसला तरी घालते, कोंबडी घालते तशी. सगळी रिकामी निघायची, मी टाकून द्यायची. नोव्हेंबरात एका अंड्यात जीव दिसला. तेच हे पिल्लू. अजून एक अंडं तसंच आहे."

"अन् बाप?"

"बाप नाही. क्वचित होतं असं. मादीचाच अंश दुप्पट होतो आणि गर्भ धरतो. मुशीत झालंय, पाकटात झालंय, सरड्यांतही होतं."

"मंग त्ये पाकटच आसंल की बाप," अण्णासाहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

दिव्यानं गंभीरपणे उत्तर दिलं. चिडली असती तर बरं, असं उद्धवरावांना तेव्हा वाटून गेलं. "नाही, अण्णासाहेब. घराणं दोघांचं एक. दोघांनाही हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या पाळीच्या वर हाताला लागते ना, तसली. पण त्या दोघांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. त्यांचं एकमेकांपासून पोर होत नाही."

"मग लपवलंस का?" उद्धवरावांनी विचारलं.

"आधी मलाच खात्री नव्हती, काका. आणि सांगितलं असतं तर आत्ता ठेवताय तेवढाच विश्वास ठेवला असतात ना?"

"आणि सगळ्या हॉटेलात दाखवायला तुला नवनाथच सापडला?"

प्रश्न साधाच होता, पण उद्धवरावांनी तो ज्या सुरात विचारला त्या सुरानं केबिनमधली हवाच बदलली. नवनाथनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. दिव्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती काही बोलली नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली, हा उद्धवरावांचा चौतीस वर्षांचा हिशेब.

दोघांनाही त्याच दिवशी काढलं. दुपारपर्यंत किचनमध्ये बिनबापाच्या पिल्लाचे विनोद सुरू झाले आणि त्यातले निम्मे माशाबद्दल नव्हते. उद्धवरावांनी ते ऐकले. 'गप बसा रे' एवढं म्हणायला त्यांना काहीच कष्ट पडले नसते. ते म्हणाले नाहीत.

गेटवर त्यांनी दिव्याची पिशवी सगळ्यांसमोर तपासली. डबा उघडला, छत्री झटकली, पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून वास घेतला. काही निघालं नाही.

"वही तुमच्याकडेच ठेवा," दिव्या म्हणाली. "पण वाचा. पिल्लू अजून पोटातल्या बलकावर आहे. आठवड्यानं खायला मागेल, कोळंबी अगदी बारीक करून द्या. आणि मोठ्या टाकीत सोडू नका, दुसरे मासे त्याला टोचतील."

ती बसस्टॉपकडे चालत गेली. उद्धवराव तिचं चालणं बघत राहिले, पण त्यावरून काहीच कळत नव्हतं.

त्यांचा संशय तिथे थांबला नाही. पिल्लं पुरवणारा बाहेर कुणीतरी असणार, तो माल न्यायला येणारच. त्यांनी पंपखोलीला स्वतःचं कुलूप लावलं. कुलपावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आडवी सही केली. किल्ली जानव्यासारखी गळ्यात. मोठ्या टाकीचं वरचं झाकणही याच खोलीतून उघडायचं, त्यामुळे आता पाण्याला हात लावू शकणारा माणूस एकच होता. दुसरा माणूस मिळेपर्यंत माशांना खाणंही तेच घालू लागले. रोज पट्टी फाडायची, काम झालं की नवी लावायची, पुन्हा सही.

खाणं घालायचं म्हणून वही वाचणं आलं. दिव्यानं सांगितलेल्या दिवशी पिल्लानं कोळंबीचा कीस तोंडात घेतला आणि उद्धवराव स्वतःशीच "घे, घे" म्हणाले. टोपलीत उरलेलं ते दुसरं अंडं एका सकाळी बुरशी धरून गेलं. ते त्यांनी टाकलं नाही, वहीत लिहिलं होतं तसं स्पिरिटच्या बाटलीत ठेवलं. पुरावा म्हणून, असं त्यांनी मनाला सांगितलं.

अकराव्या दिवशी मोठ्या टाकीच्या तळाशी, दगडाला तंतूंनी गुंतलेली दोन नवी पाकिटं दिसली.

उद्धवराव कितीतरी वेळ काचेशी उभे राहिले. म्हणजे अंडी मुशीच घालते, तेवढं पोरीनं खरं सांगितलं होतं. पण अंडं घालणं वेगळं आणि त्यात जीव असणं वेगळं. त्यांनी दोन्ही अंडी काढून टोपलीत ठेवली. वहीत होतं की महिनाभर तरी काही दिसत नाही. दर शुक्रवारी ते टॉर्च लावून बघू लागले. पिवळा बलक, बाकी काही नाही. दर शुक्रवारी थोडं समाधान वाटायचं आणि थोडं वाईटही.

मधल्या पानांवर नराची ओळख दिली होती. पोटाखालच्या परांना लागून बोटांसारखे दोन अवयव असतात, ते असले की नर. उद्धवरावांनी काचेला गाल लावून मुशीचं पोट पाहिलं. नव्हते. पिल्लाचं पाहिलं. त्यालाही नव्हते. एका पानावर लिहिलं होतं, 'अंड्यातलं पिल्लू मोठं झालं की शेपटीनं पाणी खेळवत राहतं. जवळ शत्रू आलाय असं वाटलं की एकदम थांबतं, श्वासही घेत नाही. जन्माच्या आधीच सावध.' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

पाचव्या शुक्रवारी एका अंड्यात बलकाच्या कडेला दोऱ्याएवढं काहीतरी दिसलं. त्यांनी चष्मा पुसला. दोरा वळला. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. परत.

ते मिठाच्या पोत्यावर बसले. मग उठून खिशातली सकाळची फाडलेली पट्टी काढून पाहिली. तुकडे जुळवले तर सही त्यांचीच. कुलूप लावल्यापासूनचं चित्रण त्यांनी दोन दिवस बसून पळवत पाहिलं. त्या दारातून एकच माणूस आत गेला होता, एकच बाहेर आला होता. खाकी शर्ट, किंचित पोक काढून चालणारा. संशय घ्यायचाच तर आता स्वतःवरच घ्यावा लागणार होता.

त्या दिवशी जेवताना शालनबाईंनी विचारलं, "कशाचा विचार करायलाव?"

त्यांनी सगळं सांगितलं. शालनबाईंचा घास हातात राहिला. "मग त्या पोरीला कळवलं का?"

"अजून एकदा खात्री करतो."

"अजून?" शालनबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उद्धवराव दिघीला गेले. दिव्या आता एका पॅकिंग कंपनीत लायनीवर उभी राहत होती. तिनं त्यांना खोलीत बोलावलं नाही, जिन्यातच उभी राहिली. उद्धवरावांनी कुलूप, पट्ट्या, तारखा, पाचवा शुक्रवार असं सगळं एका दमात सांगून टाकलं. क्षणभर तिचे डोळे चमकले.

"इतके आठवडे? रोज सही? दुसरं कुणीच गेलं नाही आत?"

"कुणीच नाही."

"काका, कुणी मुद्दाम ठरवून केला असता तरी इतका चोख प्रयोग झाला नसता." मग चमक विझली. "मीही गप्प बसले नव्हते. काढून टाकायच्या आधीच पिल्लाच्या आणि मुशीच्या शेपटीचा एकेक कण माझ्या कॉलेजच्या सरांकडे दिला होता, तपासायला. मागच्या आठवड्यात रिपोर्ट आला. त्यात बापाकडचं काहीच नाही. सगळं आईचंच."

"मला का नाही कळवलंस?"

तिनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"माझं चुकलं," उद्धवराव म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी गेटवर हजारो वेळा ऐकले होते, म्हटले कधी नव्हते. "अण्णासाहेबांशी बोलतो. तू परत ये कामावर."

"कामावर नाही येणार. पिल्लांसाठी रविवारी येऊन जाईन, ती पाटी काढली तर. पण माझं सोडा. नवनाथकडे गेलात का?"

"नाही."

"त्याचं लग्न ठरलं होतं, चैत्रातलं. मुलीच्या घरी कुणीतरी सांगितलं की हॉटेलातल्या पोरीबरोबर पकडलं म्हणून काढलाय. लग्न मोडलं. मी त्याला दादा म्हणायची, काका. अंडं दाखवायला टॉर्च हवा होता आणि माझ्या मोबाइलचा चालत नव्हता, म्हणून त्याला बोलावलं. एवढंच होतं."

उद्धवरावांना चित्रणातला तो टॉर्च आठवला. मोबाइल नवनाथच्याच हातात होता. ते मात्र तो तिचाच धरून चालले होते.

सोमवारी सकाळी त्यांनी सगळ्या स्टाफला हॉलमध्ये उभं केलं आणि सांगितलं की दिव्या आणि नवनाथ दोघांचं काही चुकलं नव्हतं, जे चुकलं ते माझं. किचनमधली पोरं खाली बघत राहिली. अण्णासाहेबांना मात्र 'चमत्कार' असा बोर्ड लावायची घाई झाली होती. उद्धवराव म्हणाले, "लावा, मालक. पण मग मी नाही." अण्णासाहेबांनी टायगरची पाटी काढायला माणूस पाठवला. चमत्काराचा विषय राहिला.

दुपारी ते नवनाथच्या गावी पोचले. दारात त्याची आई अंबूबाई शेंगा फोडत होती. तिनं नाव ऐकलं आणि सूप बाजूला सारलं. नवनाथ बाहेर आला. त्यानं बसा म्हटलं नाही.

"मुलीच्या घरी येतो तुझ्याबरोबर," उद्धवराव म्हणाले. "माझ्या तोंडानं सांगतो."

"काय सांगनार? माशाला बाप नव्हता म्हनून?"

"नाही. या माणसानं खोटा आळ घेतला, असं सांगतो."

नवनाथ जायला तयार नव्हता. अंबूबाईनंच त्याला मोटारसायकल काढायला लावली. मुलीचं गाव सहा मैलांवर होतं. तिचे वडील ओट्यावर होते. त्यांनी उद्धवरावांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तुमी कोन, ह्याचं काय लागता, आजच कसं आठवलं, कुनी पाठवलं, एकामागून एक विचारत गेले. प्रत्येक उत्तर दिल्यावर उद्धवरावांना कळत होतं की समोरच्याला ते पटलेलं नाही आणि त्याला पटावं असं आपल्या हातात काहीच नाही. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "आसंल खरं तुमचं. पर पोरीचं दुसरीकडं जमलंय. परवा सुपारी फुटली."

मोटारसायकल परत फिरली. राजगुरुनगरच्या स्टँडवर नवनाथनं गाडी थांबवली. उद्धवराव उतरले. पिंपरीकडची बस लागली नव्हती. ऊन चांगलंच होतं.

"जा तू," ते म्हणाले. "आई वाट बघत असेल."

नवनाथनं गाडीचं स्टँड लावलं, किल्ली काढली आणि त्यांच्यापासून चार हात अंतरावर सावलीत जाऊन उभा राहिला.

"बस लागंपर्यंत थांबतो," तो म्हणाला.